‘...आणि पार्टी’ म्हणजे नेमकं कोण?

आमच्या बीड जिल्ह्यात ‘बँड’ म्हटलं की लग्नाची वरात डोळ्यांपुढं येते. जरीच्या काठाचे मळलेले कोट, पितळेची वाद्यं, गळ्यात अडकवलेला ढोल आणि पुढं नाचणारी पोरं. वाजवणाऱ्यांत मातंग समाजातली माणसं असतात, मुस्लीम असतात, कधी बाप-लेक एकाच रांगेत असतात. पण त्यांना नाव नसतं. ‘ओ बँडवाले, जरा जोरात होऊ द्या’ एवढीच त्यांची ओळख. गाडीवर रंगवलेलं नाव कंपनीचं असतं. लग्नपत्रिकेत आजोबांपासून मामांपर्यंत सगळ्यांची नावं असतात. ज्यांच्या दमावर वरात मंडपापर्यंत पोचते, त्यांचं नाव कुठंच नसतं.

अमेरिकेत १९६८च्या सुमारास पाच वादकांनी नेमकं हेच बिननावाचं नाव स्वतःला लावून घेतलं. न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकच्या परिसरात ते राहायचे. शेजारीपाजारी आणि मित्रमंडळी त्यांना नुसतं ‘द बँड’ म्हणायची. म्हणजे बॉब डिलनच्या मागं वाजवतो तो बँड. स्वतःची रेकॉर्ड काढायची वेळ आली तेव्हा त्यांनी दुसरं भारदस्त नाव शोधलं नाही, तेच ठेवलं. पुढं त्या नावाला इतकी किंमत आली की जानेवारी १९७०मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकानं त्यांना मुखपृष्ठावर घेतलं.

या पाच जणांनी आपल्या जुन्या मालकासोबत, म्हणजे डिलनसोबत, १९७३च्या नोव्हेंबरमध्ये एक अल्बम केला. नाव ‘प्लॅनेट वेव्हज’. १७ जानेवारी १९७४ला तो बाजारात आला. पन्नास वर्षं उलटलेली ही इंग्रजी रेकॉर्ड बीडमध्ये बसून का ऐकायची, असं कुणी विचारेल. डिलनला २०१६ साली साहित्याचं नोबेल मिळालं म्हणून नाही. हा त्याचा सर्वांत थोर अल्बम आहे असंही मला वाटत नाही. पण साथ करणारा माणूस एकदा स्वतःच्या पायावर उभा राहिला आणि मग पुन्हा जुन्या गायकाशेजारी बसला, की त्या दोघांत काय बदलतं, हे या रेकॉर्डमध्ये ऐकू येतं. आपल्याकडं हा प्रश्न रोजचा आहे. कव्वालीच्या पार्टीत आहे, शाहिरीच्या फडात आहे, तबल्याच्या साथीत आहे, आणि थेट उसाच्या फडातही आहे.

आधी या पाच जणांची गोष्ट थोडक्यात सांगतो. रॉबी रॉबर्टसन गिटारवर, रिक डँको बेसवर, रिचर्ड मॅन्युएल पियानोवर, गार्थ हडसन ऑर्गनवर आणि लेव्हॉन हेल्म ड्रमवर. हेल्म अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातला, बाकी चौघं कॅनडाचे. सुरुवातीला ते रॉनी हॉकिन्स नावाच्या गायकाच्या मागं वाजवायचे आणि त्याच्याच आडनावावरून त्यांना ‘हॉक्स’ म्हणत. रात्ररात्र दारूच्या गुत्त्यांतून आणि नाचघरांतून वाजवून त्यांचे हात तयार झाले. हडसन रीतसर शिकलेला. पोरगा असल्या टोळीत गेला हे घरी पटावं म्हणून त्यानं अट घातली की मी बाकीच्यांना संगीत शिकवीन आणि शिकवणीचे दर आठवड्याला प्रत्येकाकडून दहा डॉलर जादा घेईन. साथीला बसताना आपली किंमत आधी ठरवून घेणारा हा माणूस मला फार आवडतो.

१९६५मध्ये डिलनला अशा तयार वादकांची गरज पडली. तोपर्यंत तो एकटा गिटार आणि माउथऑर्गन घेऊन लोकगीतांच्या वळणाची गाणी गायचा, आणि चळवळीतल्या तरुणांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. त्यानं विजेची गिटार हातात घेतली तशी तीच पोरं भडकली. पुढचे कित्येक महिने अमेरिकेत आणि युरोपात हे वादक त्याच्या मागं उभे राहिले आणि रोज रात्री हुर्यो झेलत राहिले. मे १९६६मध्ये मँचेस्टरच्या मैफिलीत एका श्रोत्यानं डिलनला भर सभागृहात ‘यहुदा’ म्हटलं, येशूला पकडून देणाऱ्या शिष्याचं नाव. शिव्या डिलनच्या नावानं येत होत्या, पण त्या पडत होत्या सगळ्यांच्या अंगावर. लेव्हॉन हेल्मला ते सहन झालं नाही. १९६५च्या शेवटी तो सोडून गेला आणि काही काळ मेक्सिकोच्या आखातात तेलाच्या फलाटावर मजुरी करत राहिला. साथीदाराच्या नशिबी हे असंच असतं. टाळ्यांत त्याचा वाटा नसतो, हुर्योत मात्र असतो.

जुलै १९६६मध्ये डिलनला मोटारसायकलचा अपघात झाला आणि तो दौऱ्यांवरून बाजूला झाला. पुढच्या वर्षी वुडस्टॉकजवळ या वादकांनी एक गुलाबी घर भाड्यानं घेतलं. त्याच्या तळघरात डिलन आणि ते बसून गाणी वाजवायचे. समोर श्रोते नव्हते, तिकीट नव्हतं, कुणाच्या मागं कुणी उभं नव्हतं. हेल्मही परत आला. या तळघराचा आपल्याशी एक धागा आहे. त्याच काळात बंगालचे बाऊल गायक त्या भागात आले होते. लालन फकिराचा वारसा सांगणारे, हिंदू-मुसलमान या कप्प्यांत न मावणारे हे गायक. गार्थ हडसननं त्यांचं गाणं याच तळघरात ध्वनिमुद्रित केलं आणि त्याची रेकॉर्डही निघाली. डिलनच्या ‘जॉन वेस्ली हार्डिंग’ या अल्बमच्या मुखपृष्ठावर त्याच्या दोन बाजूंना उभे असलेले दोघं म्हणजे बाऊल पूर्णदास आणि लक्ष्मणदास. ते छायाचित्र जगभर गेलं. पण त्यातले हे दोघं कोण, हे ती रेकॉर्ड जपून ठेवणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, याची मला शंकाच आहे.

१९६८मध्ये ‘म्युझिक फ्रॉम बिग पिंक’ आला, पुढच्या वर्षी दुसरा अल्बम आला, आणि साथीचा बँड स्वतःच पुढच्या रांगेत जाऊन बसला. म्हणजे १९७३मध्ये डिलननं त्यांना पुन्हा बोलावलं तेव्हा परिस्थिती पार बदललेली होती. आता ते पगारी वादक नव्हते. त्यांच्या नावावर लोक तिकीट काढत होते. उलट डिलनच सात वर्षं दौऱ्यावर गेलेला नव्हता. जुनी कंपनी सोडून तो डेव्हिड गेफनच्या ‘असायलम’कडं आला होता आणि नव्यानं जम बसवत होता. गरज दोघांनाही होती.

लॉस एंजेलिसच्या व्हिलेज रेकॉर्डर या स्टुडिओत काही दिवसांत काम उरकलं. घोटून घोटून गुळगुळीत केलेलं असं यात काही नाही. पहिल्याच गाण्यात हडसनचा अकॉर्डियन असा उसळत येतो की घरात पाहुणे आल्यासारखं वाटतं. दुसऱ्या गाण्यात रॉबर्टसनची गिटार गळा दाबल्यासारखे तुटक सूर काढते. गायक निघून जाण्याची भाषा बोलतोय आणि गिटार त्याच्या बाहीला धरून ओढतेय. तो सूर गायकाच्या पुढंही जात नाही आणि मागंही राहत नाही. आपल्याकडं चांगल्या तबलजीबद्दल म्हणतात की त्यानं गवयाच्या मनातली सम ओळखली. इथं तसंच काहीसं होतं. ही ओळख पाच दिवसांत होत नसते. १९६६च्या शिव्या एकत्र खाल्ल्या असतील, तळघरात महिनोन्‌महिने एकत्र बसलं असेल, तेव्हा होते.

अल्बममध्ये एक गाणं दोनदा आहे. बापानं लेकराला दिलेली दुआ असावी असं ते गाणं. पहिल्या बाजूच्या शेवटी ते संथ आहे, दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला तेच जलद चालीत आहे. शब्द डिलनचेच, पण दोन्ही वेळी गाण्याचा अर्थ बदलतो. एकदा ती अंगाईसारखी वाटते, एकदा वरातीसारखी. हा बदल कुणी केला? लिहिणाऱ्यानं नाही, वाजवणाऱ्यांनी केला. साथ म्हणजे गाण्यामागं टांगलेला पडदा, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही दोन रूपं लागोपाठ ऐकावीत.

आणि शेवटचं गाणं मुद्दाम ऐकावं. तिथं बँड नाहीच. डिलन एकटा आहे, गिटार आणि माउथऑर्गन घेऊन. त्याच्या जाकिटाची बटणं गिटारवर आपटल्याचा टकटक आवाज रेकॉर्डमध्ये तसाच राहिलेला आहे. आधीची गाणी ऐकून इथवर आलं की ती टकटक कानाला विचित्र एकटी वाटते. इतका वेळ हा माणूस कुणाच्या खांद्यावर हात टाकून चालत होता, ते तिथं कळतं.

या सगळ्याचा हिशेब मी नावांनी मांडतो. १९६६च्या दौऱ्यात लोक ‘डिलन’ बघायला यायचे, मागचे वादक म्हणजे नुसता बँड. जानेवारी १९७४चा ‘प्लॅनेट वेव्हज’ डिलनचा अल्बम म्हणून निघाला आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेला तो त्याचा पहिला अल्बम ठरला. त्याच जानेवारीच्या तीन तारखेला शिकागोतून दोघांचा दौरा सुरू झाला होता. दीड महिन्यात चाळीस मैफिली झाल्या. या मैफिलींची मांडणी बघण्यासारखी होती. काही वेळ दोघं मिळून, मग द बँड एकटा स्वतःची गाणी गाणार, डिलन एकटा त्याची गाणार, पुन्हा दोघं मिळून. जूनमध्ये या दौऱ्याचा ‘बिफोर द फ्लड’ हा अल्बम आला, त्यावर दोघांची नावं होती. १९७५मध्ये तळघरातली जुनी गाणी ‘द बेसमेंट टेप्स’ म्हणून निघाली, त्यावरही दोघांची नावं होती. बिननावाचं काम ज्या घरात झालं होतं, त्या कामाला आठ वर्षांनी नाव मिळालं. ते कुणाच्या दयेनं मिळालं नाही. मधल्या काळात या पाच जणांनी स्वतःचं नाव कमावलं होतं, म्हणून मिळालं.

हीच गोष्ट मला खटकते. साथीदाराला नाव मिळावं यासाठी आधी त्याला साथ सोडून स्टार व्हावं लागतं का? जो आयुष्यभर साथीलाच बसला, त्याचं काय?

आपल्याकडची उदाहरणं बघू. बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत तबल्यावर उस्ताद अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष असायचे. मराठी नाट्यसंगीताचा तो सुवर्णकाळ म्हणून आपण आजही हळवे होतो. त्या सोन्यात या दोन मुसलमान कलावंतांचा वाटा किती, हे जाणकारांना माहीत आहे. थिरकवांनी पुढं एकल तबल्यात अशी कीर्ती मिळवली की १९७०मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. त्यांचं नाव राहिलं. कादरबक्षांचं नाव मात्र आज नाट्यसंगीताच्या जुन्या रसिकांपुरतंच उरलं आहे. सारंगीला प्रतिष्ठा मिळावी म्हणून रामनारायण यांना गायकांची साथ सोडून एकल वादनाचा रस्ता धरावा लागला. म्हणजे इथंही नियम तोच. मागून उठून पुढं येऊन बसलात, तर नाव. नाहीतर विस्मरण.

याला अपवाद नाहीत असं नाही. आमच्या मराठवाड्यातले, जालन्याचे अप्पा जळगावकर हार्मोनियमच्या साथीसाठीच ओळखले गेले. देशातल्या मोठ्या गायकांना त्यांची पेटी लागायची आणि त्यांचं नाव कार्यक्रमपत्रिकेत सन्मानानं छापलं जायचं. शास्त्रीय संगीतात निदान एवढी रीत आहे. गायक मैफिलीत साथीदाराकडं हात करून त्याचं नाव घेतो, लोक टाळ्या वाजवतात. शाहिरीतही १९४४च्या लाल बावटा कलापथकाची तीन नावं आपण एका दमात घेतो: अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर. आमच्या शेजारच्या बार्शीच्या अमर शेखांना ‘मुख्य शाहीर’ आणि बाकीच्यांना ‘आणि पार्टी’ असं कुणी म्हणत नाही. चळवळीच्या कलेत समतेची एवढी तरी जाण होती. पण त्यांच्या मागं कडं धरणारे, ढोलकी आणि तुणतुणं वाजवणारे कोण होते, हे विचारलं तर आपण तिथंही गप्प होतो.

कव्वालीकडं येतो, कारण तो आपल्या घरचा विषय आहे. कव्वाली ही एकट्यानं गायची गोष्टच नाही. मुख्य कव्वाल मिसरा उचलतो, हमनवा तो झेलतात, परत फेकतात, टाळी लय धरून ठेवते, ढोलक तिला ढकलत नेतो. ज्या क्षणी मैफिलीला हाल येतो, तो क्षण एका गळ्यानं आणलेला नसतो. तरी जुन्या तबकड्यांवर काय छापायचे? ‘अमुक अमुक कव्वाल आणि पार्टी’. ‘अल हिलाल’ या १९५८च्या चित्रपटातल्या कव्वालीनं इस्माईल आझाद घराघरांत पोचले. तिच्या चालीवर आजही लोक आपोआप टाळी धरतात. ती टाळी मुळात ज्यांच्या हातांनी वाजवली, ते हात कुणाचे? आज मोबाइलवर ती कव्वाली लाखो लोक ऐकतात आणि हा प्रश्न कुणाला पडत नाही.

आमच्या भागात उरुसांच्या दिवसांत कव्वालीच्या मुकाबल्यांचे भलेमोठे फलक लागतात. दोन कव्वालांचे चेहरे, मध्ये विजेच्या कडकडाटाचं चित्र, खाली आयोजकांची, नगरसेवकांची आणि भावी नगरसेवकांची छायाचित्रं. जो माणूस रात्रभर ढोलक वाजवणार आहे, त्याच्यासाठी त्या वीस फुटांत एका ओळीची जागा नसते. माझ्या ओळखीचे एक बुजुर्ग ढोलकवाले आहेत. चाळीस वर्षं वेगवेगळ्या पार्ट्यांसोबत फिरले. त्यांना मी एकदा विचारलं, ‘चाचा, तुमचं नाव पोस्टरवर का नसतं?’ ते हसले. म्हणाले, ‘नाम छपा तो भाव बढता ना बाबा. इसलिए नहीं छापते.’

मला वाटतं, एखाद्या जाडजूड प्रबंधात सापडणार नाही इतकं नेमकं उत्तर या एका वाक्यात आहे. नाव छापणं हा नुसता मानाचा प्रश्न नाही, मेहनतान्याचा प्रश्न आहे. ज्याला नाव आहे त्याला दुसरी पार्टी बोलावू शकते. तो भाव करू शकतो. नाही म्हणू शकतो. ज्याला नाव नाही, तो कुणाच्याही जागी बसवता येतो, म्हणून तो स्वस्त असतो. मैफिलीत नजराण्याच्या नोटा पडतात, त्या गोळा होतात, आणि वाटे कसे पाडायचे हे मुख्य कव्वालाच्या मनावर असतं. तो दिलदार निघाला तर ठीक, नाहीतर तक्रार कुणाकडं करायची? कागद नाही, नाव नाही, साक्षीदार नाही.

बीड जिल्ह्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. दरवर्षी दिवाळीच्या आसपास इथून लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तिथं नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. माणसं दोन, हात चार, कोयता एक. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेब नवऱ्याच्या नावावर. बाई पहाटे उठून भाकरी करते, दिवसभर ऊस छाटते, मोळ्या बांधून डोक्यावर वाहते, आणि मुकादमाच्या वहीत तिचं नाव नसतं. ती त्या कोयत्यातली ‘आणि पार्टी’ आहे. कलेच्या क्षेत्रातली बेनाम साथ आणि फडातली ही बेनाम मजुरी सारखीच जीवघेणी आहे, असं मी म्हणत नाही. ढोलकवाल्याला रात्री टाळ्या तरी ऐकू येतात. पण दोन्हीकडं युक्ती एकच आहे. काम दोघांचं धरायचं आणि नाव एकाचं लिहायचं.

यावर काही जण म्हणतील की गाणं ज्यानं लिहिलं, ज्याच्या गळ्यासाठी लोक येतात, त्याचंच नाव मोठं असणार. त्यात अन्याय कसला? मला हे बऱ्यापैकी मान्य आहे. ‘प्लॅनेट वेव्हज’मधली सगळी गाणी डिलनची आहेत आणि तो अल्बम डिलनच्या नावानं निघाला, याबद्दल माझी तक्रार नाही. मुख्य नाव मोठ्या अक्षरात छापा. पण बाकीची नावं छापूच नयेत, हे त्यातून कुठं सिद्ध होतं? अक्षरं लहान असली तरी चालतील. अक्षरंच नसणं चालणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. द बँडची नावं तर सगळ्या जगाला कळली, मग पुढं त्यांचं काय भलं झालं? याचं उत्तर कडू आहे. गायकाच्या सावलीतून बाहेर पडलेल्या या पाच जणांत आपापसात तोच तंटा उभा राहिला. त्यांच्या बहुतेक गाण्यांवर गीतकार-संगीतकार म्हणून रॉबर्टसनचं नाव होतं आणि रॉयल्टी त्या नावाच्या मागं जात होती. हेल्मचं म्हणणं असं की गाणी सगळ्यांनी मिळून घडवली, श्रेय मात्र एकाला गेलं. १९९३मध्ये आलेल्या आत्मचरित्रात त्यानं हे उघडपणे मांडलं. रॉबर्टसनला ते मान्य नव्हतं, गाणी मीच बसून लिहिली असं तो सांगत राहिला. नोव्हेंबर १९७६मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी निरोपाची थोर मैफल केली, मार्टिन स्कॉर्सेसीनं तिच्यावर चित्रपट काढला, पण दोघांतली अढी अखेरपर्यंत पुरती गेली नाही. मॅन्युएल १९८६मध्ये गेला, डँको १९९९मध्ये, हेल्म २०१२मध्ये, रॉबर्टसन २०२३मध्ये आणि सर्वांत शेवटी, जानेवारी २०२५मध्ये, हडसन. त्या भांडणाचा निवाडा आता कुणीच करू शकत नाही.

मला या भांडणातून एवढंच दिसतं की नुसती दोस्ती पुरत नाही. एका घरात राहिलेले, एकत्र शिव्या खाल्लेले, एकमेकांच्या मनातली सम ओळखणारे पाच मित्रही वाट्याच्या प्रश्नावर तुटले, कारण कुणाचा हात कशात किती, हे वेळेवर, सगळ्यांना पटेल असं ठरलं नाही. आपल्याकडं तर सगळा कारभार ‘अपने ही लोग है’ या एका वाक्यावर चालतो. आपल्याच माणसांत हिशेब कसला, असं म्हणत आपणच आपल्या माणसाचा हक्क बुडवतो.

कायदा याबाबतीत आपल्यापेक्षा पुढं आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीनं सादरकर्त्या कलावंताचे हक्क आले. त्यात गायकासोबत वादकही येतो. २०१२च्या दुरुस्तीनं आणखी एक पाऊल टाकलं. आपण केलेल्या सादरीकरणाला आपलं नाव लागावं, हा कलावंताचा नैतिक हक्क म्हणून मान्य झाला. वापराच्या स्वरूपामुळं नाव देणं शक्यच नसेल, तेवढाच अपवाद. ध्वनिमुद्रण झालं, त्याचा व्यापारी वापर झाला, तर मोबदल्याचा हक्कही त्यात आहे. पण बीडच्या किंवा अंबाजोगाईच्या ढोलकवाल्याला हे कुणी सांगितलंय? त्याच्या वाजवण्याची चित्रफीत रात्रीत यूट्यूबवर चढते, तिच्यावर जाहिराती लागतात, चॅनेल दुसऱ्याचंच असतं. चाचांना एवढंच कळतं की नातवानं मोबाइलवर आजोबा दाखवला.

कायद्याची लढाई लांबची आहे. तोपर्यंत जे आपल्या हातात आहे ते करायला कुणाची परवानगी लागत नाही. उरूस कमिटीनं पुढच्या फलकावर कव्वालाच्या नावाखाली ढोलक, हार्मोनियम, बेंजो आणि हमनवा यांची नावं एका ओळीत छापावीत. भावी नगरसेवकांपैकी एक चेहरा कमी केला तरी तेवढी जागा निघते. चित्रफीत चढवणाऱ्या पोरांनी खाली गायकासोबत वादकांची नावं टाकावीत, त्याला एक मिनिट लागतं. मैफिलीची बोली होते तेव्हाच कुणाला किती आणि नजराण्यात कुणाचा वाटा किती, हे साध्या वहीत लिहून त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा. कव्वालांनीही हे मनावर घ्यावं. मैफिलीच्या मध्यात साथीदाराचं नाव घेतल्यानं कुणाची गादी खाली होत नाही.

‘प्लॅनेट वेव्हज’ मिळाला तर जरूर ऐका, आता तो मोबाइलवरही मिळतो. इंग्रजी शब्द कळले नाहीत तरी अडत नाही. पहिल्यांदा गायकाकडं लक्ष जाईल, ते जाऊ द्या. दुसऱ्यांदा ऐकताना गायकाला सोडा आणि त्याच्या मागच्या पाच जणांपैकी एकालाच धरून शेवटपर्यंत चला. मी हडसनला धरतो. आणि पुढच्या उरुसात कव्वालीला बसाल तेव्हा हेच करा. मैफल संपल्यावर ढोलकवाल्याजवळ जा आणि त्याला त्याचं नाव विचारा.